हिरवळीवरची रेल्वे आणि तिच्याखालची काळी माती : पुण्यातील एका बागेचे प्रकरण

पुण्याच्या पश्चिम भागातील एका जुन्या बंगल्याच्या हिरवळीवर, निवृत्त यंत्र अभियंता असलेल्या एका गृहस्थांनी बागेतील प्रतिकृती-रेल्वे उभारली. डिसेंबरात सुरू झालेली ही गाडी एप्रिलपर्यंत सुरळीत धावली, मे महिन्यात अडखळू लागली आणि जुलैत पूर्णपणे बंद पडली. पावसाळा संपल्यावर जागेची पाहणी करावी, दोष कुठे आहे ते सांगावे आणि मार्ग पुन्हा बांधायचा तर कसा, याचा आराखडा करून द्यावा, अशी विनंती त्यांनी मला केली. माझे काम आयुष्यभर माती आणि पाया यांच्याशी निगडित राहिले आहे आणि रेल्वेची ओढ लहानपणापासूनची आहे, त्यामुळे हे काम मी मनापासून केले. घरमालकांच्या संमतीने, त्यांची ओळख न देता, ते येथे सविस्तर नोंदवीत आहे.

आपल्याकडे प्रतिकृती-रेल्वे म्हटली की छताखालचा मांडलेला देखावा डोळ्यांसमोर येतो. कोथरूडमधील जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे पुणेकरांना तो चांगला परिचित आहे. छताखालच्या मार्गाला टेबलाचा आधार असतो. टेबल फुगत नाही, भेगाळत नाही आणि त्यावर गवत उगवत नाही. हिरवळीवरच्या रेल्वेला मात्र खऱ्या रेल्वेप्रमाणेच जमीन, पाणी, ऊन आणि वनस्पती या चारही गोष्टींना तोंड द्यावे लागते. हा छंद मुळापासून समजून घ्यायचा तर गाडीच्या आधी भरावाचा विचार करावा लागतो, असे माझे ठाम मत आहे आणि या प्रकरणाने ते अधिकच पक्के केले.

प्रथम साहित्याविषयी थोडेसे. घरमालकांच्या मुलाने जर्मनीहून आणलेली गाडी ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालणारी, १ : २२.५ या प्रमाणातील आहे. न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये बागेत चालणाऱ्या गाड्या या प्रमाणात बाजारात आणल्या आणि पुढे हे प्रमाण जगभर रूढ झाले. ४५ मिलिमीटरला २२.५ ने गुणले की साधारण एक मीटर येते, म्हणजे ही मीटरगेज गाडीची प्रतिकृती ठरते. पुणे–मिरज–कोल्हापूर हा मार्ग १९७० च्या आसपास रुंद होईपर्यंत मीटरगेजच होता, आणि त्या गाडीने लहानपणी केलेले प्रवास हेच घरमालकांच्या या हौसेचे मूळ आहे. रूळ पितळेचे, सुमारे साडेआठ मिलिमीटर उंचीचे. स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे आधार, उन्हाला टिकणाऱ्या प्लास्टिकचे. आणि इंजिनाला वीज रुळांमधूनच मिळणारी, अशी मूळ व्यवस्था होती.

हिरवळ १४ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद आहे. लांबीच्या दिशेने तिला २० सेंटीमीटरचा उतार आहे. डोळ्यांना तो जवळजवळ जाणवत नाही, इंजिनाला मात्र जाणवतो. गवत मेक्सिकन जातीचे असून घरातील काकूंनी ते अनेक वर्षे निगुतीने वाढवले आहे. मार्ग ११ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद अशा चौकोनी फेऱ्याचा होता. चारही कोपऱ्यांना ६० सेंटीमीटर त्रिज्येची, म्हणजे या रुळांत मिळणारी सर्वांत तीव्र, वळणे होती. ३० सेंटीमीटरचे सुटे तुकडे एकमेकांना जोडून सुमारे ३१ मीटरचा फेरा तयार केला होता आणि तो थेट गवतावर, खाली नदीची वाळू पसरून, मांडला होता.

तक्रारी दोन बाजूंनी आल्या होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. घरमालकांची तक्रार अशी की गाडी नेमकी खालच्या टोकाच्या वळणावर घसरते, पलीकडच्या बाजूला इंजिन मंदावते आणि पावसाच्या दिवसांत ते जागीच थांबते. काकूंची तक्रार अशी की रुळांखालचे गवत पिवळे पडून कुजले, वाळू हिरवळीत पसरली आणि माळी गवत कापायचा मोअर चालवायला तयार नाही, कारण पात्याने उडवलेला खडा एकदा व्हरांड्याच्या काचेवर आदळला होता. शिवाय कोजागरीला याच हिरवळीवर सगळे नातेवाईक जमतात. रुळांना अडखळून कोणी पडले तर काय, हा त्यांचा प्रश्न मला घसरणाऱ्या गाडीइतकाच महत्त्वाचा वाटला. हिरवळ वापरणाऱ्यांना जी रेल्वे नकोशी होते, ती कितीही सुबक असली तरी त्या जागी टिकत नाही.

पाहणीसाठी खास उपकरणांची गरज पडली नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी, एक पाणसळ, दोरी आणि पोलादी पट्टी एवढ्यावर सगळे मोजमाप झाले. फेऱ्यावर दर अर्ध्या मीटरवर खूण करून दोन्ही रुळांची उंची घेतली. वरच्या टोकाकडे रूळ जवळजवळ मूळ पातळीवर होते. खालच्या टोकाला मात्र मार्ग लाटेसारखा वरखाली झालेला होता. दीड मीटरच्या एका तुकड्यात चढ २८ मीटरला १ मीटर इतका तीव्र झाला होता, तर हिरवळीचा मूळ उतार साधारण ७० ला १ आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्याच भागात रूळ पिळले गेले होते. दोन आसांच्या वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, पुढच्या चाकांखाली दोन्ही रूळ समपातळीत आणि मागच्या चाकांखाली बाहेरचा रूळ चार मिलिमीटर खाली, अशी स्थिती होती. या प्रमाणातील चाकांची कड रुळाच्या आत साधारण तीन मिलिमीटर उतरते. ज्या वाघिणीचे दोन्ही आस सांगाड्याला ताठ जखडलेले आहेत, तिचे एक चाक अशा जागी अधांतरी राहते, त्याची कड रुळाच्या माथ्यावर येते आणि वळणावर ती बाहेर पडते. बोगीचे, म्हणजे दोन्ही टोकांना स्वतंत्र वळणारे चाकांचे संच असलेले, लांब डबे त्याच जागेवरून सुखरूप जात होते, कारण प्रत्येक बोगी आपल्यापुरती पिळाशी जुळवून घेते. त्यामुळे घरमालकांचा वाघिणींच्या चाकांवरचा संशय निराधार ठरला. चाके ठीक होती. जमीन हलली होती.

ती खालच्या टोकालाच का हलली, याचे उत्तर कुदळीने दिले. खालच्या टोकाला लहान खड्डा घेतला तेव्हा वर सुमारे ३५ सेंटीमीटर काळी माती आणि तिच्याखाली घट्ट मुरूम लागला. वरच्या टोकाला काळ्या मातीचा थर जेमतेम १५ सेंटीमीटर होता. बंगला बांधताना उतार कमी करण्यासाठी आणि बागेसाठी बाहेरून आणलेली काळी माती मुरमावर पसरली गेली होती, आणि साहजिकच ती सखल बाजूला जास्त पडली. दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार होणाऱ्या या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. म्हणूनच आपल्या शेतांत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माळ्याने ही गोष्ट घरमालकांना आधीच सांगितली होती : "साहेब, ही जमीन उन्हाळ्यात तोंड उघडते आणि पावसात वर येते, हिच्यावर काही सरळ राहायचं नाही." हे निदान अचूक होते.

माती सगळीकडे सारखीच फुगली असती तर मार्ग एकसंध वर उचलला गेला असता आणि फारसे बिघडले नसते. त्रास झाला तो असमान ओलाव्यामुळे. फेऱ्याचा बाहेरचा रूळ कुंपणाच्या भिंतीकडे होता, जिथे दुपारचे ऊन आणि भिंतीची धग यांमुळे जमीन कोरडी राहत असे. आतल्या रुळाशेजारी स्प्रिंकलरचे तोंड होते आणि ते रोज संध्याकाळी पाणी देत असे. एकाच स्लीपरची एक बाजू आकसणाऱ्या जमिनीवर आणि दुसरी फुगणाऱ्या जमिनीवर होती. म्हणूनच पिळाची सुरुवात पावसाच्या आधी, मे महिन्यात झाली. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच येतो. त्याने आधीच विस्कटलेल्या मार्गाखालची वाळू वाहून नेली आणि उरलेले काम पूर्ण केले.

मे महिन्यातील त्रासाला उष्णतेचाही हातभार होता. पितळ दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे ०.०१९ मिलिमीटर लांबते. मार्ग डिसेंबरातल्या सकाळी, सांधे घट्ट दाबून जोडला होता. भर उन्हात पितळेचा रूळ ६० अंशांपर्यंत तापतो असे धरले, तर ३१ मीटरच्या फेऱ्याला ४५ अंशांच्या फरकाने २६ मिलिमीटर वाढीव लांबी सामावून घ्यावी लागते. सांध्यांत जागाच नसल्याने ती वाढ वळणांना बाहेर ढकलून निघाली. भिंतीकडच्या वळणाने सरकताना वाळूत काढलेला ओरखडा पाहणीच्या वेळीही दिसत होता. खऱ्या रेल्वेत जुन्या मार्गांवर सांध्यांत फट ठेवत ती याच कारणासाठी. आपल्या कित्येकांच्या आठवणीतला गाडीचा खटखट आवाज त्या फटींचाच होता.

विजेचा प्रश्न सांध्यांतच होता. ३० सेंटीमीटरच्या तुकड्यांमुळे दोन्ही रुळांवर मिळून दोनशेच्या आसपास सांधे झाले होते आणि वीज एकाच ठिकाणी, व्हरांड्याजवळ, जोडली होती. प्रत्येक सांध्याचा अटकाव थोडाच असला, तरी समोरच्या बाजूला पोहोचेपर्यंत त्याची बेरीज मोठी होते. त्यात पावसाने पितळेवर काळसर थर चढवला आणि बोअरवेलच्या जड पाण्याने पांढरी पुटे दिली. येथपर्यंत सारे अपेक्षितच होते. पण रुळांचे तुकडे जोडणाऱ्या सांधपट्ट्या सोडवताना त्यांतील काही लांबीच्या दिशेने तडकलेल्या आढळल्या, आणि त्या बहुतांशी हिरवळीच्या सर्वाधिक हिरव्यागार भागात होत्या. त्या भागाला काकू नियमितपणे युरिया देत असत. युरियापासून जमिनीत अमोनिया तयार होतो, आणि ताणाखाली असलेले पितळ अमोनियाच्या व ओलाव्याच्या सहवासात तडकते. हा दोष प्रथम ठळकपणे लक्षात आला तो हिंदुस्थानातल्याच ब्रिटिश लष्करात : पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेल्या पितळी काडतुसांना तडे जात, आणि घोड्यांच्या मूत्रातील अमोनिया हे त्याचे कारण असल्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. सांधपट्टी रुळाला घट्ट पकडण्यासाठी सतत ताणलेलीच असते. प्रयोगशाळेत तपासणी केली नसल्याने हे कारण मी निश्चित म्हणून नोंदवीत नाही. तथापि तड्यांची जागा आणि स्वरूप त्याच्याशी इतके जुळत होते की पुढची व्यवस्था ते खरे धरूनच केली.

पर्याय तीन होते. पहिला, सिमेंटच्या लहान खांबांवर मार्ग उंच उचलण्याचा. देखभालीच्या दृष्टीने तो सोपा आहे आणि परदेशातील अनेक बागांत वयस्कर मंडळी तो पसंत करतात, कारण वाकावे लागत नाही. पण त्याने हिरवळीचे कायमचे दोन भाग झाले असते. दुसरा, जमिनीत सलग काँक्रीटचा पट्टा ओतण्याचा. अनेकांनी हाच सुचवला होता आणि मी त्याला स्पष्ट विरोध केला. काळ्या मातीवर पातळ, सलग काँक्रीट टाकले की ते एकदोन पावसाळ्यांत तडकते. तडकलेला पट्टा पुन्हा समपातळीत आणता येत नाही, तो फोडावाच लागतो. तिसरा पर्याय, जो शेवटी स्वीकारला, असा : पाया कायमचा, पण सुट्या दगडांचा, म्हणजे हलला तर पुन्हा बसवता येईल असा, आणि रूळ मोसमी, म्हणजे दिवाळीनंतर मांडायचे आणि मृग नक्षत्राच्या आधी उचलायचे.

रूळ उचलून ठेवण्याची कल्पना घरमालकांना सुरुवातीला पटली नाही. रेल्वे म्हणजे कायमची वास्तू, असे त्यांच्या मनात होते. मी त्यांना फ्रान्समधील देकोव्हिलचे उदाहरण दिले. पोल देकोव्हिलने १८७० च्या दशकात पेती-बूर येथील आपल्या शेतातून बीट बाहेर काढण्यासाठी रूळ आणि स्लीपर एकत्र जोडलेले तयार तुकडे वापरले. माणसांनी ते उचलावेत, ओल्या जमिनीवर मांडावेत, काम झाले की पुढच्या शेतात न्यावेत. ही पद्धत नंतर जगभरच्या शेतांत, खाणींत आणि युद्धभूमीवर पसरली. आपल्याकडे वालचंदनगर आणि रावळगाव येथेही अरुंद रुळांवरून उसाची वाहतूक होत असे. उचलता येणारा मार्ग हाही रेल्वेच्या इतिहासाचा अस्सल भाग आहे, हे कळल्यावर त्यांचा विरोध मावळला, किंबहुना तुकड्यांना क्रमांक देण्याचे काम त्यांनी उत्साहाने स्वतःकडे घेतले.

नव्या फेऱ्याची लांबी-रुंदी तीच, ११ मीटर आणि ५ मीटर, ठेवली. पण चौकोनाऐवजी दोन्ही टोकांना अडीच मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळे आणि मधे सहा सहा मीटरचे दोन सरळ भाग, अशी आखणी केली. फेरा तीन मीटरने कमी होऊन सुमारे २८ मीटरचा झाला, पण तीव्र वळणांवरचा घर्षणाचा अडथळा जवळजवळ संपला आणि लांब डबे वळणावर बेढब दिसेनासे झाले. मार्गाच्या दोन टोकांमधील १६ सेंटीमीटरची उंची ११ वर आणली : वरच्या टोकाला अडीच सेंटीमीटर खोदाई, खालच्या टोकाला तेवढाच भराव. चढ आता १०० ला १ आहे. खोदाई-भरावाच्या कडेला हिरवळीची माती हलक्या उताराने मिळवून घेतली, त्यामुळे कुठेही पायरी उरली नाही.

पायासाठी २५ सेंटीमीटर रुंद चर खणला आणि त्याची खोली ठरावीक न ठेवता जिथे मुरूम लागेल तिथपर्यंत नेली. खालच्या टोकाला यासाठी बरीच खोदाई करावी लागली. मजुरांना एवढ्याशा खेळगाडीसाठी इतका खोल चर कशाला, असे वाटले असणार, परंतु सगळ्या प्रकरणाचा कणा हाच होता. काळी माती पूर्ण काढून चरात जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे, कापड अंथरले, त्यावर मुरूम पातळ थरांत, पाणी शिंपडून, धुम्मसाने चोपला. सखल टोकाला चराच्या तळाशी भोके पाडलेली नळी टाकून तिचे तोंड शोषखड्ड्यात सोडले, अन्यथा हा चर पावसाळ्यात पाण्याची टाकी झाला असता. मुरमावर पाच सेंटीमीटर बारीक ग्रिट, म्हणजे दगडाची कच, आणि ग्रिटवर २२ सेंटीमीटर रुंदीच्या शहाबादी फरशीच्या पट्ट्या, सांध्यांत सिमेंट न भरता, हिरवळीच्या पातळीत बसवल्या. एखादी फरशी खचली तर ती उचलून खाली चिमूटभर ग्रिट सारायचे आणि पुन्हा ठेवायची. गँगमन स्लीपरखाली खडी ठोकून रूळ वर घेतो, तेच हे काम आहे.

फरशीने काकूंचे बरेच प्रश्न सोडवले. पावसाळ्यात रूळ नसताना मोअर फरशीवरून सरळ पलीकडे जातो. मोकळी खडी कुठेच नसल्याने पात्याने काही उडण्याचा धोका राहिला नाही. कोजागरीला हिरवळीवर रूळ नसतातच. इतर दिवसांत व्हरांड्यातून तुळशीकडे जाणारी पायवाट जिथे मार्ग ओलांडते, तिथे चाकांच्या कडांपुरती फट सोडून रुळांच्या मधे आणि बाजूला सागवानी पट्ट्या बसवल्या आणि त्याला रीतसर फाटकाचे रूप दिले.

रूळ दीड मीटरच्या तुकड्यांत जोडले आणि तुकड्यांमधल्या सांध्यांत एक ते दीड मिलिमीटर फट ठेवली. ताणलेल्या सांधपट्ट्यांऐवजी स्क्रूने आवळायचे जोड तुकड्याच्या एकाच टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल बसवले. वीज रुळांतून पूर्णपणे काढून टाकली. इंजिनामागच्या बंद वाघिणीत चार सेलची लिथियम बॅटरी आणि रेडिओ नियंत्रण बसवले, त्यामुळे रूळ काळे पडले, ओले झाले वा त्यांवर पुटे चढली तरी गाडीला फरक पडत नाही. याबदल्यात एक शिस्त स्वीकारावी लागली : बॅटरी उन्हात उभ्या असलेल्या वाघिणीत ठेवायची नाही, आणि ती चार्ज करायची ती घरात, कोणीतरी समोर असतानाच. युरियाऐवजी रुळांजवळच्या पट्ट्यात शेणखत आणि गांडूळखत देण्याचे काकूंनी स्वतःहून ठरवले.

नवा मार्ग आता एक पूर्ण पावसाळा सोसून दुसऱ्या मोसमात आहे. पावसाळ्यानंतर पुन्हा नळीने पातळी घेतली तेव्हा बहुतेक फरश्या जागच्या जागी होत्या. खालच्या टोकाच्या काही मोजक्या फरश्यांना ग्रिट द्यावे लागले, आणि ते काम घरमालकांनी नातीच्या मदतीने एका सकाळीच उरकले. दोन आसांच्या वाघिणी पूर्वीच्या जागेवरून न घसरता जातात. चाळीस किलोमीटर वेगाच्या मीटरगेज गाडीचा प्रमाणातील वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर येतो. त्या वेगाने फेऱ्याला एक मिनिटाहून थोडा कमी वेळ लागतो, आणि घरमालकांचा आग्रह असतो की गाडी याहून वेगाने पळवायची नाही. मला हा आग्रह मोलाचा वाटतो. वेग प्रमाणात असला की डबे वळणावर जडपणे, खऱ्या गाडीसारखे वळताना दिसतात.

दोन कामे बाकी आहेत. लव्हाळ्याचे टोकदार कोंब जिओटेक्स्टाइल भेदून फरश्यांच्या सांध्यांतून वर येऊ लागले आहेत. तणनाशक हिरवळीलाही लागेल म्हणून ते वापरायचे नाही असे ठरले आहे, आणि तूर्त माळी ते गाठीसकट खुरप्याने काढतो. नुसते पाते खुडले तर गाठीतून पुन्हा फूट येते. दुसरे काम गाडीला रूळ बदलू देणारा सांधा बसवून बाजूला एक साइडिंग, म्हणजे गाडी उभी करायचा जादा रूळ, काढण्याचे आहे. त्यासाठी लागणारी जागा नेमकी स्प्रिंकलरच्या तोंडावर येते, म्हणून आधी पाण्याची नळी भिंतीकडे हलवावी लागेल आणि साइडिंगखालचा चरही मुरमापर्यंत खणावा लागेल. ते काम येत्या पावसाळ्याआधी रूळ उचलले की हाती घ्यायचे आहे.